व्हेल्डा म्हणाली, सीडर आहे

जानेवारीत उत्तरेचा कोरडा वारा सुटला की बर्गटाल गावाभोवतीच्या टेकड्या धुमसायला लागतात. आग कुठेही नसते. सीडरची नर झाडं शेंड्यापासून बुंध्यापर्यंत तांबूस झालेली असतात आणि वाऱ्याचा एक झपाटा आला की अंगावरची परागांची सगळी पिवळी भुकटी एकदम सोडून देतात. टेक्सासच्या या भागात नवीन राहायला आलेला कुणीतरी दरवर्षी घाबरून अग्निशमन दलाला फोन करतो. दलातली माणसं त्याला खिडक्या लावून घ्यायला सांगतात, फोन ठेवतात आणि दिवसभर त्याची टिंगल करतात. टिंगल करणाऱ्यांचेही डोळे तोवर लाल झालेले असतात.

पुढचे कित्येक आठवडे गावात एकही नाक धड नसतं. चर्चमध्ये पाद्र्याचं प्रवचन कमी आणि नाक शिंकरणं जास्त ऐकू येतं. घात असा की सर्दीचा आणि फ्लूचा हंगामही नेमका तोच, आणि बर्गटालच्या लोकांना त्या दिवसांत दुसरा कुठलाही आजार मान्यच नसतो. डोकं दुखतंय, सीडर. घसा धरलाय, सीडर. अंगात कणकण आहे, तर तीही सीडरच्याच माथी. सीडरने नाक गळतं, डोळे चुरचुरतात, माणूस थकून जातो, पण ताप काही येत नाही, हे डॉक्टर सांगून सांगून दमले. पण ही जर्मन वळणाची हट्टी माणसं. आजोबा दर जानेवारीत सीडरने फणफणायचे असं एकदा आजीने सांगितलं की मग डॉक्टरांचं कोण ऐकतो. घरोघरी कपाटात थर्मामीटर असतो आणि तो कपाटातच राहतो.

व्हेल्डा बेहरेंड्स मात्र असं सरसकट बोलणाऱ्यांतली नव्हती. साठी उलटलेली ही उंच, हाडापेराने मोठी बाई घराच्या गॅरेजमध्ये बायकांचे केस करायची. दोन खुर्च्या, तीन जुने ड्रायर, एक आरसा आणि पूर्वेला भली मोठी खिडकी. आठवड्याला एकदा यायचं, केस धुऊन घ्यायचे, रोलर लावून ड्रायरखाली बसायचं आणि गावात काय चाललंय ते ऐकून घरी जायचं, हा तिथल्या बायकांचा नेम. जानेवारीत मात्र त्या केसांसाठी कमी आणि निवाड्यासाठी जास्त यायच्या. व्हेल्डा खुर्ची गर्रकन खिडकीकडे फिरवायची, उजेडात चेहरा बघायची आणि विचारायला लागायची.

"डोळे खाजतायत?"

"खाजतायत म्हणजे? उपटून काढावेसे वाटतायत."

"टाळू?"

"टाळू पण. सारखी जिभेने खाजवतेय. नवरा म्हणतो, बेडकासारखा आवाज काढतेस."

"कानात?"

"हो ग बाई."

"सीडर. मान मागे टाक, शाम्पू जाईल डोळ्यात."

खाज म्हणजे सीडर, हा तिचा पहिला दाखला. आधी घसा खवखवला, दुसऱ्या दिवशी नाक बंद झालं, मग खोकला, पण पाय ओढत का होईना माणूस कामाला जातोय, तर ती साधी सर्दी. आणि फ्लूचं म्हणजे, व्हेल्डा म्हणायची, माणूस तुम्हाला वेळ सांगतो. कपडे वाळत घालायला बाहेर गेले तेव्हा बरी होते, आत आले तेव्हा उभं राहवेना. हाडं दुखतात, कातडीला चादर टोचते, आणि खाज बिलकुल नाही. हे तिने कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिचा बाप कुंपणाचे खांब करायला सीडर तोडायचा, आणि त्याच्या कपड्यांवरून घरात येणाऱ्या भुकटीने लहानपणी तिचेच डोळे सुजून बंद व्हायचे. आई तिला रानातला मध चाटवायची, सीडरची निळी फळं चावायला लावायची. उपयोग शून्य. पण स्वतःच्या अंगाकडे नीट बघायची सवय तिला तेव्हापासून लागली.

एकदा जनावरांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तिने पाद्र्याच्या बायकोला डोक्याला साबण असतानाच खुर्चीवरून उठवलं होतं. "हा फ्लू आहे, इर्मा. धुऊन देते तेवढं, मग ओल्या केसांनी घरी जा, आणि उद्या कोकरं बघायला आलीस तर मी स्वतः तुला फाटकाबाहेर घालवीन." इर्मा आठ दिवस तिच्याशी बोलली नाही, आणि त्यातले सहा दिवस ती अंथरुणातच होती. तेव्हापासून व्हेल्डाचा शब्द म्हणजे शब्द. शाळेच्या ऑफिसातून पोरांबद्दल विचारायला फोन यायचे. व्हेल्डा म्हणाली सीडर आहे, एवढं म्हटलं की दारं उघडायची. कुठल्याही एका माणसाच्या शब्दावर इतकी दारं उघडू नयेत, असं माझं मत आहे, पण गावाला ते कोण पटवणार.

व्हेल्डाची आई सेल्मा गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होती. दर गुरुवारी व्हेल्डा तिथे जायची, आधी तिथल्या म्हाताऱ्यांचे केस करायची आणि शेवटी आईचे. सेल्माला नीट दिसायचं नाही, पण डोकं टाचणीसारखं तल्लख. केसांत कंगवा फिरायला लागला की तिचा एकच प्रश्न ठरलेला. "टिलीचा काही पत्ता?"

टिली म्हणजे व्हेल्डाची धाकटी बहीण ओटिली. ती दूर समुद्रकिनाऱ्यावर राहायची, नवरा मार्लनबरोबर. त्याची मासेमारीची बोट होती. बाप गेला तेव्हा वाटेत गाडी बिघडली म्हणून ती मूठमाती देऊन झाल्यावर पोचली. घरात सगळे नातेवाईक जेवत होते आणि व्हेल्डा दारातच तिला म्हणाली होती, "ये ये. सॉसेज उरलेत अजून. तेवढ्यासाठीच आली असशील." टिलीने हातातली फुलं दारात ठेवली आणि ती परत गाडीत जाऊन बसली. त्याला दहा वर्षं होऊन गेली. आपण चुकलो हे व्हेल्डाला त्याच क्षणी कळलं होतं, पण तोंडातून निघालेलं मागे घेणं बेहरेंड्सांच्या रक्तात नाही. दर गुरुवारी आईचा प्रश्न ऐकायचा, कंगवा फिरवत राहायचा आणि "येईल ग" म्हणायचं, एवढंच तिला जमायचं.

यंदा आई नव्वद वर्षांची होणार होती. डिसेंबरात एका सकाळी व्हेल्डाने मन घट्ट करून टिलीला फोन लावला. "आईचा वाढदिवस आहे गुरुवारी. म्हणजे, पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी. आलीस तर बरं होईल."

मग टिली म्हणाली, "तू बोलावतेयस की आई?"

"दोघी."

"मग येते."

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी टिली आली. वाटेत दोन रात्री ती सॅन अँटोनियोला मैत्रिणीकडे थांबली होती. "तिच्या नातवंडांनी नुसता उच्छाद मांडला होता," ती हसत सांगत होती. "तीनही पोरं खोकतायत, तापलीयत आणि सगळी माझ्याच मांडीवर." व्हेल्डाने ते ऐकलं. ऐकून तिने भाजलेलं सॉसेज आणि आंबट कोबी टिलीच्या ताटात वाढला आणि दुसरा विषय काढला. दोघी जुन्या गोष्टी बोलत बसल्या. दारातल्या त्या वाक्याचं नाव कुणीच काढलं नाही, पण टिलीने उठताना व्हेल्डाच्या खांद्यावर हात ठेवला. व्हेल्डाला रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

सकाळी बाहेर वारा सुटला होता आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी टेकडी पिवळी धुमसत होती. व्हेल्डा केकवर पीचच्या फोडी लावत होती. टिली गोधडी गुंडाळून आली आणि टेबलाशी बसली. तिचा चेहरा लाल होता आणि ओठ सुकलेले होते.

"मला बरं नाही ग वाटत. रात्री जेवताना ठणठणीत होते. भांडी विसळायला उठले आणि कुणीतरी मागून काठी घातल्यासारखं झालं. पाठ, मांड्या, सगळं ठणकतंय."

"डोळे खाजतायत?"

"नाही. जड झालेत नुसते."

"टाळू?"

"नाही ग. खाज कसलीच नाही. थंडी वाजतेय."

व्हेल्डाचा हात केकवर थांबला. तिला कळलं होतं. इथे आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. एवढ्या वर्षांत तिच्या खुर्चीत बसलेल्या कुठल्याही बाईने हे सांगितलं असतं, तर व्हेल्डाने तिला दंडाला धरून घराबाहेर काढलं असतं. नवा पाहुणा असता, पाद्र्याची बायको असती, कुणीही असतं तरी.

"फ्लू तर नसेल?" टिलीने विचारलं. "असं करू, मी थांबते इथेच. तू जाऊन ये. आईला काही लागायला नको. उद्या मला निघावंच लागेल, मार्लनचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. मग बघू, पुन्हा येईन कधीतरी."

हे 'कधीतरी' व्हेल्डाच्या काळजात रुतलं. आईच्या वयाला कधीतरी परवडणारं नव्हतं. आज टिली त्या खोलीत गेली नाही तर ती कधीच जाणार नाही, आणि दर गुरुवारी तोच प्रश्न विचारत विचारत आई एक दिवस डोळे मिटेल, असं तिला स्पष्ट दिसलं. आणि दुसरं जे तितकंच स्पष्ट दिसत होतं, त्याच्याकडे तिने पाठ फिरवली. आईने फ्लूची लस घेतलीय, तिने स्वतःला सांगितलं. तासाभराचा तर प्रश्न आहे. आणि बाहेर टेकडी धुमसतच होती, तिच्याकडे बोट दाखवायला काय लागतं.

"सीडर आहे," व्हेल्डा म्हणाली. "किनाऱ्यावर राहून तुझं अंग त्याला विसरलंय. बाहेरून येणाऱ्याला तो असाच आडवा पाडतो."

"नक्की?"

"मला विचारतेयस? सगळा गाव मला विचारून शिंकतो."

टिली हसली. तिचा जीव भांड्यात पडलेला दिसला. व्हेल्डाने कपाटातून तापाच्या दोन गोळ्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. "या घे कॉफीबरोबर. अंगदुखी थांबेल." सीडरला तापाच्या गोळ्या ती कधीच कुणाला देत नसे. तासाभरात टिलीचा चेहरा निवला, तिने लाल झगा घातला, लिपस्टिक लावली आणि दोघी केक घेऊन निघाल्या.

वृद्धाश्रमाच्या दाराशी नर्स डार्ला बसायची. तिचेही केस व्हेल्डाच करायची. हंगामामुळे टेबलावर मास्कचा खोका ठेवला होता आणि ताप आहे का, खोकला आहे का, असे दोन प्रश्न ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होती. टिली तेवढ्यात खोकली.

"ही खोकतेय," डार्ला म्हणाली.

"सीडर आहे."

"बघितलंस तू?"

"सकाळीच."

डार्लाने नोंद करायला उचललेलं पेन खाली ठेवलं. "तू म्हणतेस तर ठीक. मास्क तरी लावू दे तिला."

"आईला आधीच दिसत नाही, डार्ला. दहा वर्षांनी लेकीचं तोंड बघणार, तेही अर्धं झाकलेलं?" व्हेल्डा हसून म्हणाली. आपण हसलो याचं तिला आतून नवल वाटलं. डार्लाने मान हलवली आणि आतलं दार उघडणारं बटण दाबलं.

सेल्मा खुर्चीत निळ्या स्वेटरमध्ये ताठ बसली होती. "कोण कोण आलंय?" तिने विचारलं. टिली तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसली. म्हातारीने हात पुढे करून तिचा चेहरा चाचपला, कपाळ, नाक, गाल, हनुवटी.

"हनुवटी माझी आहे," ती म्हणाली. "बाकी सगळं बापाचं. टिली."

"हो ग आई."

"एवढा उशीर लावतात का?"

टिलीला रडू फुटलं. सेल्माने तिला ओढून जवळ घेतलं, तिच्या गालाला गाल लावला आणि ती किती तरी वेळ तशीच राहिली. "तापलीयस ग तू."

"सीडर आहे, आई."

"असेल. तुझे आजोबा असेच तापायचे," सेल्मा समाधानाने म्हणाली आणि तिने काही टिलीला सोडलं नाही. मग तिने टिलीच्याच चमच्याने केक खाल्ला. शेजारच्या खोल्यांमधल्या दोघीजणी केक खायला आल्या, त्यांनी टिलीचा हात हातात घेऊन तिची चौकशी केली. व्हेल्डा दाराला टेकून बघत होती. आईला इतकं खूश तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तिने बश्या गोळा करायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी टिली कशीबशी गाडी चालवत परत गेली. रविवारी, चर्चला निघायच्या वेळी, डार्लाचा फोन आला. "सेल्माला ताप आहे. सकाळपासून डोळे उघडत नाहीये. नाकात कांडी घालून तपासलं. फ्लू आहे, व्हेल्डा. शेजारच्या दोघीही झोपून आहेत."

"बरं," व्हेल्डा म्हणाली. तिने हॅट काढून ठेवली आणि रिकाम्या गॅरेजमध्ये जाऊन एका खुर्चीत बसली.

फ्लू आईच्या छातीत उतरला. तिला हॉस्पिटलात हलवलं, नळ्या लावल्या. व्हेल्डाला मास्क लावून आत सोडायचे. शुद्धीत येईल तेव्हा सेल्मा लेकीचा हात दाबायची आणि दम लागत लागत टिलीबद्दल बोलायची. ती किती रोडावली, तिला जास्तीचा केक बांधून दिला का. व्हेल्डा म्हणायची, "दिला, दिला." आठवडा संपायच्या आत सेल्मा गेली. शेजारच्या दोघींतली एक वाचली, दुसरी नाही.

आईचे केस व्हेल्डानेच केले. बर्गटालमध्ये तशीच रीत आहे, ज्या बाईने आयुष्यभर केस केले तीच शेवटचेही करते, आणि व्हेल्डाने आजवर गावातल्या पुष्कळ बायकांना असं निरोप देण्याजोगं केलं होतं. तिने रोलर लावले, काढले, पुढची बट आईला आवडायची तशी उजवीकडे वळवली. या वेळी प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. काम संपल्यावर तिला खाली बसवेना आणि उभंही राहवेना.

अंत्यविधीला टिली आली. ती आता पूर्ण बरी होती. सकाळी, त्याच टेबलाशी, काळ्या कपड्यांत बसून तिने विचारलं. तिने विचारायला किती दिवस घेतले असतील ते तिच्या आवाजावरून कळत होतं.

"व्हेल्डा, मी आणला नाही ना तो? फ्लू?"

"काहीतरीच काय बोलतेस."

"मीही खूप आजारी होते ग. घरी गेल्यावर चार दिवस उठले नाही."

"तुझा सीडर होता," व्हेल्डा म्हणाली. "आश्रमात कामाला मुली येतात आणि जातात. त्यांच्यातल्याच कुणीतरी आणला असेल."

टिलीने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. व्हेल्डाला वाटलं, ठीक आहे. आईला मारलं ते मी, याचं ओझं मी उचलीन. निदान हिला तरी सुखाने जगू दे. पण खोटं एकदा घराबाहेर पडलं की ते आपल्या म्हणण्याप्रमाणे थोडंच वागतं. टिलीने भेटायला आलेल्यांना तेच सांगितलं, आणि मूठमाती देऊन होईपर्यंत गावात आश्रमातल्या एका नव्या मुलीचं नाव घेतलं जायला लागलं होतं, आणि ती मुलगी चर्चच्या मागच्या बाकावर एकटीच बसलेली व्हेल्डाने पाहिली.

विधीनंतर सगळे चर्चच्या सभागृहात जेवायला जमले. बटाट्याचं सॅलड, भाजलेलं मांस, लोणचं, कॉफी. दारं खिडक्या बंद होत्या, तरी सगळीकडून शिंका ऐकू येत होत्या. लोक एकमेकांना "सीडर, सीडर" म्हणत हात मिळवत होते. टिली व्हेल्डाच्या शेजारी कॉफीचा कप धरून उभी होती.

तेवढ्यात हिल्मरची नातसून पुढे आली. हिल्मर म्हणजे व्हेल्डाच्या बापाबरोबर सीडर तोडणारा म्हातारा, आता ऐंशीच्या पुढचा. नातसुनेच्या कडेवर दीड महिन्याचं बाळ होतं.

"व्हेल्डा, जरा आजोबांकडे बघता का? ते बाळाला घ्यायचं म्हणून हट्ट धरून बसलेत. मी म्हटलं, आधी व्हेल्डाला विचारते."

"विचार, विचार," मागून काठी टेकत हिल्मर आला. तो हसत होता, पण त्याने कोटाची सगळी बटणं लावली होती. "सीडर आहे. साठ वर्षं तोडला मी तो, मला कळत नाही होय? द्या इकडे पोरगी."

"कधीपासून?" व्हेल्डाने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच.

"काल. कॉफी प्यायला बसलो तेव्हा पोरांना शिव्या देत होतो. कप ठेवायला उठलो आणि अंग मोडून आलं. हाडं नुसती..." त्याने खांदे उडवले.

"डोळे खाजतात?"

"छे."

"टाळू?"

"अजिबात नाही. थंडी तेवढी वाजते. सांग तिला, सीडर आहे म्हणून."

नातसून व्हेल्डाकडे बघत होती. तिने बाळाचा दुपट्टा नीट केला आणि हात अर्धे पुढे केले. व्हेल्डाचा एक शब्द आला की ती बाळ देणार होती. आजूबाजूचे दोघेतिघे बोलायचे थांबून ऐकत होते. आणि डाव्या हाताला, अगदी जवळ, टिली उभी होती. व्हेल्डाने तिच्याकडे बघितलं नाही. सीडर म्हणावं, हा एकच शब्द, म्हणजे टिली वाचली. आणि बाळाचं काय होईल ते होईल, कदाचित काहीच होणार नाही. आईच्या वेळी तिने अगदी असाच हिशेब केला होता.

"बाळ देऊ नकोस," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "मागे हो. हिल्मर, हा सीडर नाही. हा फ्लू आहे. घरी जा, आणि डॉक्टरला आजच बोलवा, उद्या नाही."

नातसून बाळाला छातीशी धरून मागे सरली. हिल्मर पुटपुटत काठी आपटत निघाला. सभागृहातली कुजबुज पुन्हा सुरू झाली, आणि त्या कुजबुजीत टिलीचा आवाज अगदी हळू आला.

"माझेही डोळे खाजत नव्हते."

व्हेल्डाने मान वळवली. टिलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नव्हते," व्हेल्डा म्हणाली.

"मी तुला सांगितलं होतं. तू विचारलंस आणि मी सांगितलं, खाज नाही म्हणून. मी थांबते म्हणाले होते, व्हेल्डा."

"हो. तू थांबत होतीस. मी नेलं तुला. मला माहीत होतं आणि मी नेलं. तुझा काही दोष नाही टिली, तुला तर..."

"दोघींनी मिळून मारलं आईला," टिली म्हणाली, "आणि त्यातल्या एकीला तू सांगितलंच नाहीस."

टिलीने कप टेबलावर ठेवला. मग ती गर्दीतून वाट काढत मागच्या बाकाकडे गेली, जिथे ती आश्रमातली मुलगी ताट मांडीवर घेऊन एकटीच बसली होती, आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. व्हेल्डाला ती काय बोलतेय ते ऐकू येत नव्हतं. पण मुलीने जेवण थांबवून वर बघितलं, आधी टिलीकडे, आणि मग सभागृहाच्या पलीकडून सरळ व्हेल्डाकडे.